माडी, चूल आणि मधलं अंगण

औंढे,
१४ जून

अनघा,

जय भीम. तू म्हणशील, फोन सोडून वहिनीला कागद कसा आठवला. आपल्याकडं रेंज कुटं येती ते तुला ठाऊक हाय. माडीच्या रस्त्याकडच्या खिडकीत मान बाहेर काढून बोलावं लागतं, अन् खाली नळावर धाकटी जाऊबाई कोमल भांडी घासत बसलेली असती. जिची तक्रार सांगायची तिलाच ऐकवत सांगायची व्हय? व्हॉट्सॲपवर लिवावं तर त्यो फोन तुझ्या दादांच्या खिशात. म्हणून कामशेतच्या बाजाराला गेलते तवा पाकिटं घेऊन आले.

तर तुझं नेटवर्क बंद पडलंय. मे महिन्यात तू आलीस, दोन्ही घरचे लॅपटॉप बिनतारेचे जोडून दिलेस, तवा सगळ्या आळीत मी मिरवून घेतलं. माझ्या लॅपटॉपला तू नाव दिलंस 'माडी', कोमलच्याला 'चूल'. मी माडीवर बसून खोल्या भाड्यानं घेणाऱ्या पाहुण्यांच्या यादीत लिवलं, 'शनवारी सहा माणसं, दोन शाकाहारी', की अंगणापल्याड कोमलच्या सैपाकघरात ते दिसायचं. तिनं भुशी धरणाकडनं भिजून आलेली माणसं खालच्या खोल्यांत घेतली की मला वर दिसायचं. कुणाची खोली कुणाला गेली म्हणून भांडण न्हाई, भाकऱ्या कमी पडल्या म्हणून बोंब न्हाई. आधी आमी अंगणात येऊन हाका मारायचो. तुझं नेटवर्क आल्यापास्नं हाका बंद झाल्या, अन् आता नेटवर्क बी बंद.

मिरगापास्नं माझ्या यादीत तिचं काहीच येत न्हाई. तिला इचारलं तर म्हणती, माझ्याकडं पण तुमचं येत न्हाई. म्हणती अन् भाकरी उलटती, एवढंच. मला इचारशील तर बंद पडलेलं न्हाई, पाडलेलं हाय. खालच्या खोल्यांत कोण आलं, किती आलं, मला दिसू नये म्हणून. कानामागून आली अन् तिखट झाली. लग्न होऊन आली तवा तांदळाची भाकरी मोडायची तिची. पीठ मळायची माझी काठवट तिला दिली, पीठ कसं उकडायचं ते हात धरून शिकवलं म्या.

यंत्राची हयगय केली म्हणशील तर तसं काही न्हाई. ओल लागली की यंत्र गेलं, असं तू बजावलं व्हतंस. दादांच्या मागं लागून माडीच्या पावसाकडच्या भिंतीला यंदा ताडपत्री न बांधता वरपास्नं खालपतोर पत्रे मारून घेतले. लॅपटॉप कोरडा ठणठणीत हाय.

काय करायचं ते लिव. अंगणातली सगळी गर्दी पुढच्या दीड महिन्यातच असती.

तुझी वहिनी,
चंपा


गोंदिया,
२१ जून

वहिनी,

जय भीम. पाकिटावर तुमचं अक्षर बघून आधी घाबरले, मग हसू आलं. शाळा नुकतीच सुरू झाली आहे. संगणकाच्या खोलीत पोरं 'बाई, हे चालत नाही' म्हणून दिवसभर ओरडतात, त्यात आता तुमची भर.

घाबरू नका. आपण काय केलं होतं ते आधी लक्षात घ्या. 'माडी' लहरी सोडते आणि 'चूल' त्या पकडते. मधे तार नाही, इंटरनेटही लागत नाही. त्यामुळे बिघाड दोनच ठिकाणी असू शकतो, सोडणाऱ्याकडे किंवा पकडणाऱ्याकडे.

तुमच्याकडे बघा: उजव्या कोपऱ्यातलं पंख्यासारखं चिन्ह निळं आहे का? हॉटस्पॉट चालू आहे का? नेटवर्क 'खासगी' आहे की चुकून 'सार्वजनिक' झालं? एकदा लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. नुसतं झाकण मिटणं म्हणजे बंद करणं नव्हे, हे मी मे महिन्यातही सांगितलं होतं.

हे सगळं बरोबर असेल, आणि तरी जोडलेल्या यंत्रांत 'चूल' दिसत नसेल, तर बिघाड तुमच्याकडे नाही. मग तिच्याकडचं वायफायच बंद असणार. मुद्दाम की चुकून, ते तीच सांगू शकेल.

दादाला आणि आकाशला आठवण सांगा.

अनघा


औंढे,
३० जून

अनघा,

तू लिवलंस तसं सगळं केलं. पंखा निळा हाय. खासगी हाय. बंद करून चालू केलं, झाकण मिटलं न्हाई. जोडलेली यंत्रं: एक बी न्हाई. म्हणजे तुझ्याच शब्दात बिघाड माझ्याकडं न्हाई. 'मुद्दाम' ह्यो शब्द तू लिवलास, म्या न्हाई.

आता शनवारचं ऐक. ठाण्याची माणसं फोनवर ठरलेली, खालच्या दोन खोल्या त्यांना दिलेल्या, यादीत लिवून ठेवलेलं. गाडीतनं उतरली तर त्या खोल्यांत भुशीवरनं आलेली पोरं कपडे वाळत घालून बसलेली. ठाण्याची माणसं शाकाहारी, अन् कोमलनं केलेला चिंबोऱ्यांचा रस्सा. पोरीच्या पुढ्यात वाटी ठेवली अन् नांगी बघून ती रडायलाच लागली. निम्मी माणसं लोणावळ्याला हॉटेलात गेली. जाताना त्या बाईनं माझ्याकडं असं बघितलं की मान वर करायची सोय ऱ्हायली न्हाई.

मग मला बी राहवलं न्हाई. अंगणात उभी राहून म्हटलं, गिऱ्हाइकं चोरायची व्हती तर तोंडानं सांगायचं, यंत्र कशाला बंद केलंस? ती म्हणाली, यंत्र तुमीच वरनं बंद केलंय, मला कमी दाखवायला. म्या म्हटलं, तुझ्या नणंदेनंच लिवलंय, बिघाड तुझ्याकडं हाय. मघाशी तोंडाला तोंड देत व्हती ती पाठ फिरवून घरात निघाली, ते मला बरं वाटलं न्हाई, पण तवा मी थांबले न्हाई. म्हटलं, उद्यापास्नं माझी चूल येगळी.

दुसऱ्या दिशी बघते तर माडीच्या जिन्यावर माझी काठवट. धुऊन, पुसून ठेवलेली.

तेव्हापास्नं बोलणं बंद हाय. ती तिच्या दारात, मी माझ्या दारात, मधी अंगणात पाणी. दादा म्हणतात, तुमच्या दोघींचंच नेटवर्क गेलंय. त्यांना काय, कंपनीच्या बसमधी बसले की सुटले.

चंपा


औंढे,
३ जुलै

आदरणीय अनघाताई,

जय भीम. तुम्हाला मी कधी पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळे कसं सुरू करायचं कळत नाही. सरळच लिहिते.

जाऊबाईंनी मला सांगितलं की बिघाड माझ्याकडे आहे असं तुम्ही लिहिलंत. ताई, तुम्ही मला विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी बारावीनंतर कामशेतला मोबाइलच्या दुकानात दोन वर्षं बसलेली आहे, वायफायचं बटण कुठे असतं ते मला समजतं. माझं चालू आहे. यादीत आमच्या सरपंचांच्या घराचं नाव दिसतं, रस्त्यावर उभ्या राहिलेल्या पाहुण्यांच्या फोनचं नाव एकदोनदा दिसलं. 'माडी' तेवढी दिसत नाही. मग मी काय समजायचं? मला वाटलं, मी खालच्या खोल्या चांगल्या चालवते ते बाईंना रुचलं नाही, म्हणून वरून बंद केलं. अजूनही तसंच वाटतं, खोटं कशाला बोलू.

लॅपटॉपची काळजी मी लहान मुलासारखी घेतली. आमच्या सैपाकघराचं छप्पर यंदा दोन जागी गळतंय. तुम्ही ओलीचं बजावलं होतं, म्हणून मी रिकामी झालेली तांदळाची पत्र्याची कोठी आडवी पाडली, आत फळी टाकली आणि लॅपटॉप त्यातच ठेवते. हात आत घालून टाइप करते. आकाश हसतो, म्हणतो, कोंबडी खुराड्यात बसवलीस. पण एक थेंब लागू दिलेला नाही.

आणखी एक सांगायचं आहे. आकाशनं चाकणला कंपनीजवळ खोली बघितली आहे. तो कधीपासून मागे लागला होता, मीच नको म्हणत होते. म्हणायचे, इथे माझं काम आहे, बाई आहेत. आता मला चोर म्हटल्यावर मी कुठल्या तोंडानं थांबू? गर्दी संपली की आम्ही जाणार. बाईंना अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

मला इथून जायचं नाही ताई. पण असं राहायचंही नाही.

आपली,
कोमल


गोंदिया,
१० जुलै

वहिनी आणि कोमल,

पाकिटावर दोघींची नावं मुद्दाम घातली आहेत. पोस्टमननं कुणाच्याही हातात दिलं तरी दोघींनी मिळून वाचायचं. एकीनं वाचून दुसरीला सांगायचं नाही, कारण सांगताना काय होतं ते आपण तिघींनी पाहिलं.

तुम्हा दोघींची पत्रं काल टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि कपाळावर हात मारला. वहिनी, तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतं की पावसाकडच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत पत्रे मारले. कोमल लिहिते, लॅपटॉप पत्र्याच्या कोठीत ठेवला आहे. एक पत्र वाचताना मला काहीच जाणवलं नाही. दोन्ही एकत्र वाचली तेव्हा कळलं.

लहरी विटांतून जातात, लाकडातून जातात, ताडपत्रीतून तर सहज जातात. पत्र्यातून जात नाहीत. मे महिन्यात आपण जोडलं तेव्हा माडीची ती भिंत उघडी होती, खिडकीतून समोर कोमलचं सैपाकघर दिसत होतं. आता वहिनींनी माडीला पत्र्यात घातलं आणि कोमलनं चुलीला. दोघींनी एकच गोष्ट केली, आणि ती मीच सांगितलेली. ओल लागू देऊ नका म्हणून बजावणारी मी, आणि बिघाड कुणाचा ते इथे बसून ठरवणारीही मी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा माझा कारभार झाला. कोमल, तुला न विचारता तुझ्यावर ढकललं, ते चुकलं माझं.

हे खरं आहे की नाही ते बघायचा एकच मार्ग आहे. दोन्ही लॅपटॉप एका खोलीत, शेजारी शेजारी ठेवायचे. 'माडी'च्या यादीत 'चूल' दिसली तर कुणीही काहीही बंद केलेलं नव्हतं. पण त्यासाठी दोघींपैकी एकीला लॅपटॉप घेऊन अंगण ओलांडावं लागेल. कुणी ओलांडायचं ते मी इथून सांगणार नाही. एकदा सांगून बघितलं, पुरे झालं.

अनघा


औंढे,
१९ जुलै

अनघा,

तुझं पाकीट पोस्टमननं कोमलच्या हातात दिलं. मी माडीवर रस्त्याकडच्या खिडकीतनं मान बाहेर काढून बसले व्हते, मला सगळं दिसत व्हतं. पाकीट उलटंसुलटं बघितलं तिनं, फोडलं न्हाई. आत गेली. मला वाटलं, गेलं चुलीत.

पाऊस असा कोसळत व्हता की अंगणाचं तळं झालेलं. थोड्या वेळानं बघते तर कोमल निघाली. डोक्यावर मोठं पातेलं, वर झाकण, पदर कंबरेला खोचलेला, अन् दातात तुझं पाकीट. जिन्यात पातेलं उतरवलं. मला वाटलं, भात घेऊन आली काय. झाकण काढलं तर आत टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप.

ती म्हणाली, 'ताईंचं पत्र हाय. दोघींचं हाय.' एवढंच. मग आमी जिन्यातच बसून वाचलं. ती वाचत व्हती, मी ऐकत व्हते. कोठीचं आलं तिथं मी तिच्याकडं बघितलं. पत्र्याचं आलं तिथं तिनं माझ्याकडं बघितलं. हसायचं कुणी अन् रडायचं कुणी ते ठरेना.

वर जाऊन दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवले, तर 'चूल' लगेच आली. मिरगापास्नं तिनं लिवलेली सगळी यादी माझ्या यादीशेजारी दिसली. भुशीची पोरं, किती जणं, कुटल्या खोलीत, सगळं. ठाण्याच्या माणसांच्या शनवारी तिनं सकाळीच लिवून ठेवलं व्हतं, 'खालच्या दोन्ही खोल्या भरल्या. बाई, कुणाला हो म्हणू नका.' ते वाचून मला कसंतरीच झालं. तिनं माझ्यासाठी लिवलं व्हतं अन् ते तिच्याच कोठीत पडून ऱ्हायलं.

मग म्या सांगितलं, तुला चोर म्हटलं ते माझं तोंड जळो. ती म्हणाली, मला पण तुमचंच आलतं मनात. मग तिनं चाकणच्या खोलीचं सांगितलं. अनघा, तुला माहीत व्हतं अन् तू लिवलं न्हाईस, ते बरं केलंस. तुझ्याकडनं कळलं असतं तर मी आणखी बोलले असते. तिच्या तोंडून ऐकलं तवा एकच मनात आलं. खालच्या घराला कुलूप लागणार, अन् मी माडीवर बसून यादीत लिवणार, ते कुणाला दिसणार? म्या सांगितलं तिला, तू गेलीस तर मी ह्यो धंदा करणार न्हाई. धंद्यापायी न्हाई म्हणत, मला तुझी सवय झालीय.

ती म्हणाली, दिवाळीपर्यंत बघू. काठवट परत नेलीय तिनं.

पत्रा आता भर पावसात काढता यायचा न्हाई, भिंत फुगेल. तवर ती रोज संध्याकाळी पातेल्यात लॅपटॉप घालून वर येती, आमी दोघी शेजारी बसून दुसऱ्या दिसाची यादी करतो. ह्याला नेटवर्क म्हणायचं का ते तू ठरव.

चंपा


गोंदिया,
२८ जुलै

वहिनी,

तुमचं पत्र मी शाळेत, संगणकाच्या खोलीत वाचलं. पोरांनी विचारलं, बाई, डोळ्यांत काय गेलं. सांगितलं, पत्रा.

सगळे पत्रे काढायची गरज नाही. लॅपटॉपच्या मागचा फक्त एक पत्रा काढून त्या जागी बाजारात मिळतो तो पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा लावा. पाऊस अडेल, लहरी जातील. कोमलनं कोठी उभी करून त्यात तांदूळ भरावेत. लॅपटॉपवर फळीचं लाकडी छप्पर केलं तरी पुरे. मग तिला रोज पावसात वर यायला नको.

आकाशशी मी बोलले नाही. ते तुमचं तुम्ही बघा.

अनघा


औंढे,
२३ नोव्हेंबर

अनघा,

जय भीम. चार महिने कागद न्हाई म्हणून तू दादांकडं चौकशी केलीस, कळलं. भात कापायचं, झोडायचं, त्यात दम घ्यायला वेळ नव्हता. इंद्रायणी तांदळाचा वास सगळ्या घरात कोंडलाय. तुझी पिशवी भरून ठेवलीय, येशील तवा ने.

आकाशभावजींनी चाकणची खोली घेतली, पण एकट्यानं. सोमवारी जातात, शुक्रवारी येतात. कोमल हितंच हाय. दिवाळीपर्यंत बघू म्हणाली व्हती, दिवाळी झाली, कुणी काही बघितलं न्हाई. आता पवना धरणाकडं तंबूत उतरणारी माणसं जेवायला येत्यात, त्यामुळं पावसाळा संपला तरी चूल थंड न्हाई.

तू लिवलेला प्लास्टिकचा पत्रा लावला न्हाई. दादा आणायचा म्हणत व्हते, मीच आज-उद्या करत ऱ्हायले. दिवाळीनंतर दादांनी भिंतीचे सगळे पत्रे उतरवले, कोमलनं कोठी उभी करून तांदूळ भरले. तुझं नेटवर्क असं चालायला लागलं की बघत ऱ्हावं. मी वर अक्षर लिवलं की खाली दिसतंय. कोमल खालनं लिवती, 'आठ भाकऱ्या जास्त.' मी वरनं लिवते, 'बरं.' ती लिवती, 'मीठ संपलं.' मी लिवते, 'आणते.' पाहुण्यांची अदलाबदल न्हाई, कुणी उपाशी न्हाई. तू मे महिन्यात म्हणालीस तसंच झालंय.

आठवडाभर ती वर आली न्हाई. रागानं न्हाई, तिला वर कामच उरलं न्हाई. संध्याकाळी चहाचं आधण ठेवायची मला सवय लागलीय, दोन कप पाणी टाकायची अन् एक सांडून द्यायची. तिसऱ्या-चौथ्या दिशी दादांना म्हटलं, लॅपटॉपच्या मागचा तेवढा पत्रा परत मारा. ते म्हणाले, पावसाळा संपला की. म्हटलं, मारा.

परवा कोमल आली. पातेलं डोक्यावर. अंगणात पाण्याचा थेंब न्हाई, ऊन पडलंय, तरी पातेलं. म्हणाली, 'बाई, माडी दिसंना.' मग तिची नजर भिंतीकडं गेली. बाकीची भिंत उघडी अन् मधी एकच पत्रा, नवे खिळे ठोकलेला. म्हणाली, 'ह्यो का ठेवलाय?' म्या म्हटलं, 'अवकाळीचा काय भरवसा.'

ती पत्र्याकडं बघत उभी ऱ्हायली. मग पातेल्यातनं लॅपटॉप काढला, माझ्याशेजारी ठेवला, अन् म्हणाली, 'व्हय, भरवसा न्हाई. ऱ्हाऊ द्या. आकाश सारखं विचारतो नेटवर्क नीट झालं का, मग चल चाकणला, त्याला सांगते अजून अडतंय. माझ्याशिवाय चालायचं न्हाई.'

मग तिनंच आधण ठेवलं, दोन कपांचं.

तू हुशार हायेस, अनघा, तुला ह्याच्यावर लगेच काहीतरी सुचंल. पण ह्या टायमाला उपाय लिवून पाठवू नगंस.

तुझी वहिनी,
चंपा